विद्यापीठाच्या अंगणातील तळी

(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात अकोला येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या कार्यकारी मंडळाने आम्हांस या व्यासपीठावरून चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, हा आम्ही आमचा गौरव समजतो. दरवर्षी या मेळाव्यात वधूवरांचा परिचय होतो, गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार होतो, निधीचा हिशेब वाचला जातो. या साऱ्या आवश्यक कार्यांच्या गर्दीत पाण्याविषयी बोलण्यास मात्र सवड उरत नाही. वस्तुतः आपण भोई. पाणी हेच आपले शेत आणि जाळे हाच आपला नांगर. पालखी आपल्या खांद्यावरून कधीच उतरली; नदीच्या वाळूतील डांगरवाड्या डोळ्यांदेखत गेल्या; तळ्यातील शिंगाडा आणि मासोळी तेवढी काही घरांत राहिली आहे. तेव्हा आज पाण्याच्याच एका गोष्टीविषयी आपणांशी बोलावे असे आम्ही ठरविले. ती गोष्ट म्हणजे विद्यापीठाच्या आवारात, मोकळ्या आभाळाखाली, गोड्या पाण्याच्या अध्ययनासाठी बांधलेली तळी.

आपणांपैकी पुष्कळांना वाटेल की हा विषय प्राध्यापकांचा. त्याचा आपल्याशी काय संबंध? तो संबंध किती निकटचा आहे हे सांगण्यासाठी प्रथम आमच्या बालपणातील एक प्रसंग सांगतो.

आमचे बालपण काटेपूर्णेच्या काठी गेले. श्रावणात सलग चार दिवस आभाळ झाकोळलेले असले, की आमचे आजोबा पहाटे चारलाच उठून तळ्यावर जात आणि आम्हांसही बरोबर नेत. पाळीवर उभे राहून ते नुसता वास घेत आणि म्हणत, "तयाचा दम कोंडला हाय, पोरा. पाह्य आता, मासोयी वर येईन." आणि खरोखरच उजाडण्यापूर्वी कटला-रोहू पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडू-मिटू लागत. सूर्य कासराभर वर आला की सारे पूर्ववत होई. पाण्यावर मरळीच्या तांबूस पिल्लांचा थवा दिसला, की आजोबा त्या बाजूस जाळे टाकू देत नसत. त्या थव्याखाली मायबाप राखण करीत असतात हे त्यांना ठाऊक होते.

पुढे आम्ही महाविद्यालयात गेलो. तेथे मरळ आम्हांस पुन्हा भेटली, ती फॉर्मालिनच्या बरणीत, पांढरी पडलेली. गुरुजींनी विचारले, हा मासा कोणता? आम्ही उत्साहाने म्हणालो, "मरळ. ही पाण्याबाहेर येऊन हवा घेते, आणि पिल्ले राखते." गुरुजी म्हणाले, "शास्त्रीय नाव सांगा." ते आम्हांस येत नव्हते, आम्ही खाली बसलो. गुरुजींचा दोष नव्हता. त्यांना जे शिकविले गेले तेच ते शिकवीत होते. परंतु त्या दिवशी आमच्या मनात आले ते आजतागायत गेले नाही. आजोबांचे तळे आणि महाविद्यालयाची बरणी यांच्यामध्ये काहीतरी राहून गेले आहे. जे राहून गेले ते म्हणजे विद्यार्थ्याच्या पायाखालची ओली पाळ.

आजोबा म्हणत तो 'दम' म्हणजे काय, हे आम्हांस बी. एस्सी.ला कळले. तळ्यातील सूक्ष्म हिरव्या वनस्पती दिवसा सूर्यप्रकाशात प्राणवायू निर्माण करतात. रात्री मात्र त्या स्वतः, मासे आणि तळाचा गाळ असे सर्वजण तो केवळ वापरतात. म्हणून पाण्यातील प्राणवायू पहाटे सर्वांत कमी असतो. आभाळ सतत झाकोळलेले असले, तर दिवसाची मिळकतही आटते आणि पहाटे तळे कर्जात जाते. हा प्राणवायू मोजण्याची विंकलर यांची रीत १८८८ पासून जगास माहीत आहे. दोन-तीन रसायने आणि काचेची बाटली एवढ्यावर ती भागते. पण मोजणार कोण आणि केव्हा? आमच्या महाविद्यालयाची प्रयोगशाळा अकराला उघडे. अकराला तळ्याचे सारे कर्ज फिटलेले असते! ज्या तळ्याकडे वसतिगृहातून पायी पाच मिनिटांत पहाटे चारला जाता येते, तेच तळे विद्यार्थ्यास शिकवू शकते. वर्षातून एकदा भाड्याच्या मोटारीने नेऊन दाखविलेले तळे हे तीर्थदर्शन होय. ते अध्ययन नव्हे.

जगाने ही गोष्ट फार पूर्वी ओळखली. अमेरिकेतील स्टीफन फोर्ब्स या शास्त्रज्ञाने १८८७ साली सरोवर हे स्वतःपुरते एक लहानसे विश्व आहे असे प्रतिपादन केले. त्यानंतर थोड्याच वर्षांत जर्मनीतील प्लोन येथे सरोवराच्या काठी संशोधनकेंद्र उभे राहिले. इंग्लंडमध्ये गोड्या पाण्याच्या जीवशास्त्रासाठी १९२९ साली संस्था स्थापन होऊन विंडरमिअर सरोवराकाठी काम सुरू झाले. कॅनडात तर १९६८ पासून कित्येक लहान सरोवरे केवळ प्रयोगासाठी राखून ठेवण्यात आली. तेथील एका सरोवराच्या मध्यभागी १९७३ साली पडदा टाकून त्याचे दोन भाग करण्यात आले. दोन्ही भागांत कार्बन आणि नत्र घातले. स्फुरद मात्र एकाच भागात घातले. स्फुरदाचा भाग हिरव्या शेवाळाने माखला, दुसरा स्वच्छ राहिला. सांडपाणी आणि धुलाईची पावडर यांतून येणारा स्फुरद सरोवरे कशी नासवितो, हे त्या एका छायाचित्रावरून सामान्य माणसासही समजले आणि त्याविरुद्ध कायदे करण्यास बळ आले.

आपल्या देशातील उदाहरण तर आपल्या घरापर्यंत येऊन पोहोचलेले आहे. रोहू, कटला, मृगळ हे मासे साचलेल्या तळ्यात अंडी घालीत नाहीत. त्यांना पुराचे वाहते पाणी लागते. त्यामुळे पूर्वी बीज नदीतून गोळा करीत आणि ते बंगालकडून आगगाडीने दूरदूर जाई. वाटेतच पुष्कळसे मरे. १० जुलै १९५७ रोजी ओरिसातील अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधरी यांनी माशाच्या मेंदूखालील ग्रंथीचा अर्क टोचून तळ्यातल्या माशांपासून अंडी मिळविली. आज कोणत्याही मत्स्यसंस्थेचा सभासद पिशवीतून जे बीज आणतो, त्याची जन्मकथा ही अशी आहे. ती कथा घडली संशोधनासाठी राखलेल्या तळ्यांच्या काठी. म्हणूनच १० जुलै हा दिवस देशभर मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो.

आता कोणी म्हणेल, आमच्या वऱ्हाडात तळी काय कमी आहेत? अमरावतीस वडाळी आणि छत्री तलाव आहेत. मोर्शीजवळ सिंभोऱ्याचे अप्पर वर्धा धरण आहे. अकोल्यास महानचे काटेपूर्णा धरण आहे. विद्यार्थ्यांनी तेथे जावे! अवश्य जावे. परंतु मोठ्या तलावात एखादा पालट झाला तर तो गणपतिविसर्जनाने झाला, सांडपाण्याने झाला की त्या वर्षी पाऊस कमी पडल्याने झाला, हे सांगता येत नाही. आपल्या घरातील दोन सारख्या चुलींवर दोन सारखी भांडी ठेवून एकात मीठ घातले आणि दुसऱ्यात घातले नाही, तरच मिठाने काय केले ते कळते. तळ्यांचेही तसेच आहे. संशोधनास लागते ती सारख्या मापाची, सारख्या मातीची, एकाच पाण्याने भरलेली जुळी तळी. त्यांच्यात जाणूनबुजून एक फरक करावयाचा आणि वाट पाहावयाची. गावाच्या पिण्याच्या तलावात असा खेळ करता येत नाही, करूही नये.

आणि वऱ्हाडाचे प्रश्न वऱ्हाडातच सोडविले पाहिजेत. विंडरमिअरच्या थंड पाण्यात आपली उत्तरे नाहीत. पूर्णेच्या दोन्ही तीरांवर अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत सुमारे ४.७ लाख हेक्टरांचा खारपाणपट्टा पसरला आहे. विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही. जमिनीत सोडियम अधिक असल्याने ती पाणी मुरू देत नाही. शेतकऱ्यास हा शाप वाटतो. पण जी जमीन पाणी मुरू देत नाही, ती पाणी धरूनही ठेवते. त्या पट्ट्यातील शेततळी प्लास्टिकच्या अस्तरावाचूनही पाणी राखतात. पावसाने भरलेले हे गोड पाणी उन्हाळ्याकडे किती खारट होत जाते, त्यात कोणता मासा तगतो, गढूळपणामुळे त्याचे खाद्य घटते काय, शिंगाडा धरेल काय, हे प्रश्न आमच्या मते सहस्रावधी कुटुंबांच्या पोटाचे आहेत.

दुसरा प्रश्न मोर्णेचा. जानेवारी २०१८ मध्ये अकोलेकरांनी हजारोंच्या संख्येने नदीत उतरून जलपर्णी काढली. साऱ्या देशात त्याचे कौतुक झाले आणि ते योग्यच होते. परंतु ज्या सांडपाण्यावर जलपर्णी पोसते ते वाहतच राहिले, तर ती पुन्हा येणार, हा तिचा स्वभाव आहे. किती खत आले म्हणजे ती किती दिवसांत दुप्पट होते, आणि काढून टाकण्यापेक्षा उपाशी ठेवणे कितपत शक्य आहे, हे जुळ्या तळ्यांत दोन हंगामांत मोजता येईल.

बंधूंनो, या कामी आम्ही एकदा स्वतः तोंडघशी पडलो आहोत. तेही सांगितले पाहिजे. शिक्षक असताना आम्ही मोठ्या हौसेने महाविद्यालयाच्या मागील अंगणात सिमेंटच्या सहा टाक्या बांधविल्या. पाणी भरले, मासे सोडले, आणि तिसऱ्या दिवशी सारे मासे उताणे! नव्या सिमेंटचा चुना पाण्यात उतरतो. आठवडेच्या आठवडे पाणी बदलून तो मारावा लागतो, हे आम्ही विसरलो होतो. ते निस्तरले, तर एप्रिलमध्ये टाक्यांचे पाणी इतके तापू लागले की हात घालवेना. मे महिन्यात सुटी लागली, नळ बंद झाला आणि टाक्या कोरड्या पडल्या. पुढे त्यांत मोडकी बाके रचली गेली. त्या वेळी आजोबा हयात असते तर म्हणाले असते, "अरे बाप्पा, ज्याले गाय नाई त्याले तयं काहून म्हंतं?" आम्ही पाणी साठविले होते, तळे केले नव्हते. तळ्याचे पोट म्हणजे गाळ. त्यातच किड्यांची अंडी, कमळाचे कंद आणि पुढच्या वर्षाची शिदोरी असते.

म्हणून अशी तळी बांधावयाची झाल्यास ती कशी असावीत, याविषयी आमच्या अल्पमतीप्रमाणे थोडे सांगतो.

पहिली गोष्ट उन्हाची. अकोल्याचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या वर जातो आणि दिवसास एक सेंटिमीटरहून अधिक पाणी वाफ होऊन उडते. फेब्रुवारीपासून मृगापर्यंत सुमारे १२० दिवस धरले आणि सरासरी एक सेंटिमीटर धरली, तर सव्वा मीटर पाणी नुसते आभाळात जाते. दीड मीटरच्या तळ्यात मग गुडघाभरही पाणी उरत नाही. तेव्हा मुख्य तळी अडीच मीटर खोल असावीत. बाजूचा उतार एकास दोन ठेवला, तर वरची लांबी २५ मीटर आणि रुंदी २० मीटर घ्यावी लागेल. नाहीतर तळाला जागाच राहणार नाही. अशी आठ तळी करावीत: चारांत फरक करावयाचा, चार जशीच्या तशी ठेवावयाची. त्यांच्या जोडीस चार उथळ तळी असावीत आणि ती उन्हाळ्यात मुद्दाम आटू द्यावीत. कारण आटणे हा आपल्या मुलखाचा धर्मच आहे. भेगाळलेल्या गाळात बारीक जलजीवांची अंडी महिनोन्महिने पडून राहतात आणि पहिल्या पावसाबरोबर जागी होतात. हे नाटक विद्यार्थ्यास दाखविण्यास उथळ तळ्यासारखे रंगमंदिर नाही. पाळी आणि वाटा धरून या बाराही तळ्यांस तीन-चार एकर जागा पुरे.

दुसरी गोष्ट मातीची. आपली काळी माती ओली असता पाणी उत्तम धरते. पण वाळली की तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. नुसत्या काळ्या मातीची पाळ घातली तर पहिल्याच उन्हाळ्यात ती फुटेल. म्हणून पोटात काळी माती आणि वर मुरुमाचे आवरण, ही आपल्या जुन्या तलावांची रीतच धरावी. पाण्याच्या बाजूस दगड लावावेत. प्रत्येक तळ्यास तळाशी मोरी हवी, म्हणजे ते पूर्ण रिकामे करून त्यातील प्रत्येक मासा मोजता येतो. वर सांडवा हवा. सर्व तळ्यांस पाणी एकाच साठवण-तलावातून, सारख्या नळांनी आणि बारीक जाळीतून यावे, नाहीतर न बोलाविलेला तिलापिया आत शिरतो. हा परका मासा १९५२ साली आपल्या देशात आणला गेला. त्याने देशी माशांची जागा कशी घेतली हे आपणांस सांगावयास नको.

तिसरी गोष्ट माणसाची. भोवती कुंपण, काठावर दोर आणि तरंगती कडी, खोलीचे खांब, आणि पोहता येत नाही अशा विद्यार्थ्यास एकट्याने पाण्यात न उतरण्याचा सक्त नियम, हे आधी; उपकरणे मागून. उपकरणे थोडी चालतात. एक तबकडी दोरीने सोडून ती कोठे दिसेनाशी होते हे पाहिले की पाण्याचा नितळपणा कळतो. सेक्की नावाच्या इटालियन पाद्र्याने ती १८६५ साली वापरली आणि आजही जगभर ती वापरतात. एक तबकडी, एक तापमापक, प्राणवायूच्या बाटल्या, बारीक रेशमी जाळी आणि एक वही, एवढ्यावर प्रारंभ होतो. वही मात्र खंडू नये. मेच्या सुटीतही तिच्यात रोज ओळ पडली पाहिजे. आमच्या टाक्या बुडाल्या त्या पाण्यावाचून नव्हे, राखणदारावाचून.

हे सारे मनोराज्य आहे, असे कोणी समजू नये. अर्धे काम झालेलेच आहे. अमरावती-अकोला राष्ट्रीय महामार्गाच्या रुंदीकरणासाठी लागणारी माती येथील डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या जमिनीतून नेण्यात आली आणि त्या खोदकामाची तळी करण्यात आली. याच महामार्गावर जून २०२२ मध्ये पाच दिवसांच्या आत ७५ किलोमीटर डांबरी पट्टा अंथरून जागतिक विक्रम झाला. रस्ता पाच दिवसांत होतो. तळे समजण्यास मात्र किमान पाच पावसाळे लागतात. ही तळी पाणी साठविण्यासाठी व मुरविण्यासाठी आहेत. त्यांच्याच शेजारी संशोधनासाठी जुळ्या तळ्यांची एक रांग आखली, तर साठवण-तलाव आयता मिळेल. अमरावतीच्या विद्यापीठाच्या आवारातही तलाव आहेत. तेथील विद्यार्थ्यांस पहाटे चारचा धडा चालत जाऊन घेता येईल.

या दोन विद्यापीठांची नावे आपण क्षणभर आठवू या. अकोल्याचे विद्यापीठ २० ऑक्टोबर १९६९ रोजी स्थापन झाले. त्यास नाव भाऊसाहेबांचे, ज्यांनी बहुजनांच्या मुलांसाठी शाळा आणि छात्रालये उघडली. अमरावतीचे १ मे १९८३ रोजी स्थापन झाले. त्यास पुढे नाव मिळाले गाडगेबाबांचे. बाबांच्या लोककार्याचा आरंभ कोठे झाला? पूर्णेच्या काठी ऋणमोचनास. यात्रेकरू चिखलात घसरत, म्हणून त्यांनी तेथे घाट बांधण्याचे काम हाती घेतले. पाण्याजवळ माणसास नीट उभे राहता यावे, हे बाबांचे पहिले विद्यापीठ होय. त्यांच्या नावाच्या विद्यापीठात विद्यार्थ्यास पाण्याजवळ उभे राहावयास एक पाळ नसावी काय?

आता शेवटची गोष्ट, आणि ती आपल्याच घरची. अशी तळी झाली तर ती खणावयास आपले लोक जातील, जाळे ओढावयासही जातील, रोजंदारी मिळेल आणि संपेल. एवढ्यावर आपण समाधान मानले, तर पाण्याचे ज्ञान एका हातातून जाईल आणि दुसऱ्या हातात पडणारही नाही. आमच्या आजोबांच्या डोक्यात काय होते ते कोणी लिहून घेतले नाही. आम्हीही घेतले नाही, ही आमच्या आयुष्याची खंत आहे. वासावरून तळ्याचा दम ओळखणारा माणूस गेला, आणि त्या दिवशी एक प्रयोगशाळा बंद झाली. आज आपली मुले मोटार हाकतात, दुकानात बसतात, कचेरीत जातात. त्यात कमीपणा मुळीच नाही. पण ज्या घरात तीन पिढ्या पाणी वाचता येत होते, त्या घरातील एकही मुलगा वा मुलगी पाण्याची शास्त्रज्ञ होऊ नये, ही गोष्ट मनास लागते.

म्हणून या सभेपुढे आम्ही तीन नम्र सूचना ठेवतो. एक, दोन्ही विद्यापीठांकडे समाजाच्या वतीने शिष्टमंडळ जावे आणि अशा तळ्यांची मागणी करावी. त्यांच्या राखणीसाठी कायम नेमणूक असावी आणि तीत पाण्याचा अनुभव ही पात्रता धरली जावी, हेही सांगावे. दोन, आपल्या शिष्यवृत्तींपैकी निदान एक प्राणिशास्त्र किंवा मत्स्यविज्ञान शिकणाऱ्या मुलासाठी, आणि एक मुलीसाठी राखावी. तीन, पुढील मेळाव्यापूर्वी प्रत्येक कुटुंबाने घरातील वृद्धांना विचारून एका वहीत लिहावे: कोणता मासा कोणत्या नावाने ओळखत, कोणत्या नक्षत्रात कोठे सापडे, आणि कोणता आता दिसत नाही. तिसऱ्या सूचनेस एक पैसाही लागत नाही; मात्र उशीर परवडणारा नाही.

त्या दिवशी वर्गात आम्ही खाली बसलो, कारण मरळीचे शास्त्रीय नाव आम्हांस येत नव्हते. आज ते आम्हांस येते, परंतु आजोबांस विचारावयाचे राहिलेले शंभर प्रश्न विचारण्यास ते नाहीत. तुमच्या घरी ज्यांचे आजोबा-आजी आहेत, त्यांनी आज रात्री घरी गेल्यावर त्यांच्याजवळ घटकाभर बसावे. पुढे कधी विद्यापीठाच्या पाळीवर पहाटे चारला आपली एखादी नात हातात बाटली आणि वही घेऊन उभी राहील, तेव्हा तिला दोन्ही नावे येत असावीत, एवढीच आमची इच्छा आहे.